दुसऱ्या दोराचा हुक

राजापेठ, अमरावती
९ जुलै २०२४

आदरणीय नासिरकाका,
सादर नमस्कार.

मी मंजुषा, दर्यापूरच्या भगवंतराव काळमेघांची मुलगी. तुम्ही मला ओळखणार नाही. दर दिवाळीला तुमचं शुभेच्छापत्र आमच्या घरी येतं, त्याच्या पाकिटावरून पत्ता घेतला. आधी फोन केला होता, तो वकारभाऊंनी उचलला. म्हणाले, "अब्बाले फोनवर काहीच ऐकू येत नाही. तू लिहून पाठव, चित्र काढून पाठव, ते लगेच जवाब देतीन." म्हणून हे पत्र.

मी इथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ चित्रकलेच्या पदविका वर्गाला जाते. दोन्हीकडे माझं नाव आहे. पापांना दुसरं माहीत नाही. ते दर्यापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात, आणि त्यांना वाटतं की मी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची शिकवणी लावली आहे. कृपा करून तुम्ही सांगू नका.

मला नाटकाच्या आणि मोठ्या कार्यक्रमांच्या मंचावरची यंत्रं करायची आहेत. वर-खाली होणारा मंच, फिरणारं नेपथ्य, हवेत जाणारा नट. हे काम करणाऱ्याला लोखंडही कळावं लागतं आणि रंगही. मुंबईला त्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी स्वतः केलेलं एक काम दाखवावं लागतं. आमच्या कॉलेजच्या नाटकात शेवटी एक बाई विहिरीतून वर येते. मंचावर विहिरीचा कठडा असेल, आणि त्यातून तिला आठ फूट वर उचलणारा पाळणा मी करणार आहे.

आई सांगते की अकोल्यात नवरात्रात तुमच्या हलत्या पुतळ्यांच्या झाक्या पाहायला लोक दोन-दोन तास रांगेत उभे राहायचे. तुमच्या राक्षसाच्या पापण्या हलायच्या आणि यंत्राचा आवाज मात्र यायचा नाही. ते कसं करत होता? आणि पाळण्यासाठी मोटर कोणती घ्यावी?

आपली,
मंजुषा


अकोला
१६ जुलै २०२४

मंजुषा बेटा, दुआ.

तुह्यं पत्र भेटलं. पहिली गोष्ट, इतकं शुद्ध मराठी लिहू नको. मले वाटलं, नगरपालिकेची नोटीस आली. घरी बोलतं तसं लिही.

झाकीचं काम मी कवाच सोडलं. आता वकारचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, तिथं बसतो. पण विचारलं तर सांगतो. मोटरच्या चाकाले बरोबर मधात भोक नाही पाडाचं, जरासं बाजूले पाडाचं. मंग ते चाक लंगडत फिरते, आन् त्या लंगडण्यानं पुतळ्याचा हात वर-खाली होते. आवाज नको असंन तर लोखंडावर लोखंड चालवू नको, मधात चामडं टाक. सायकलच्या सीटचं जुनं चामडं सगळ्यात चांगलं.

पण बेटा, हे कोणतंबी मिस्त्री सांगन. खरं काम डोळ्याचं आहे. भाजीवाली टोपली उचलते तवा तिची कंबर पहिले हलते, हात मागून हलतात. आमी नवीन होतो तवा पुतळ्याचे हातच पहिले हलवत होतो, लोक हसत. मंग मी सहा महिने बाजारात बसून माणसांची चित्रं काढली. तू रोज दहा माणसं काढ. काम करणारी, बसलेली नाही. मले पाठव.

पाळण्याचं मले विचारू नको. मी पुतळे हलवले, माणूस कधी उचलला नाही.

भगवंताचा पाय कसा आहे? हिवाळ्यात तरास देत असंन.

तुहा नासिरकाका


राजापेठ, अमरावती
४ ऑगस्ट २०२४

नासिरकाका, सलाम.

घरच्यासारखं लिहून राहिली, मंग चुका काढू नका.

सोबत शंभरावर चित्रं आहेत. राजापेठच्या बाजारात दुपारी बसते. केळेवाल्याले वाटलं मी सर्व्हेवाली आहे, तो मले त्याच्या दुकानाची लांबी-रुंदीच सांगाले लागला. तुमी म्हणता ते खरं आहे. कंबर पहिले हलते. मी तीन वर्षं बल, वजन, तोल हेच शिकून राहिली, पण बाईच्या कंबरेत ते कधी पाह्यलं नव्हतं. त्यावरून एक लाकडी बाई केली, सुपानं धान्य पाखडणारी. चित्रकलेच्या मॅडम म्हणे, "चेहरा छान झाला, पण खालचं मशीन झाकून टाक." वर्कशॉपचे सर म्हणे, "मशीन छान आहे, वरची बाहुली कशाले?" मी दोनीबी तसंच ठेवलं.

एक बातमी आहे. नांदगाव पेठच्या एका कापडाच्या कंपनीनं कॉलेजात येऊन मले निवडलं. मशीन दुरुस्तीच्या विभागात, पुढच्या जुलैपासून. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत होकार कळवायचा आहे. पापानं शाळेत पेढे वाटूनबी टाकले.

तुमी पायाचं विचारलं. पापा थंडीत लंगडतात. मी व्हायच्या आधी मोटारसायकलवरून पडले होते, ते तुमाले माहीत असंनच.

आता एक विचारते, राग मानू नका. आई म्हणते, तुमच्या झाकीत जिवंत हनुमान हवेतून उडत जाये आणि लोक हात जोडत. आणि तुमी लिहिलं की माणूस कधी उचलला नाही. मले खोटं काहून सांगितलं? मी मुलगी आहे म्हणून? इथं वर्कशॉपमध्ये मले रोज कोणी ना कोणी सांगते की वेल्डिंगजवळ येऊ नको, डोळे खराब होतीन, लग्नात अडचण येईन. तुमीबी त्यातलेच निघाले तर माह्याजवळ विचाराले कोणी राहत नाही.

पाळण्याचा आराखडा सोबत आहे. जे चुकलं असंन ते सांगा.

मंजुषा


अकोला
१२ ऑगस्ट २०२४

मंजुषा बेटा,

चित्रं पाह्यली. बाया चांगल्या आहेत. माणसाचे पाय तुले काढता येत नाही, सगळे हवेत उभे वाटतात. वजन टाचेवर कुठं पडते ते पाहात जा.

खोटं सांगितलं, व्हय. पण तू मुलगी आहे म्हणून नाही. माह्या बायकोले, हलीमाबीले विचार, माह्या झाकीचे अर्धे पडदे तिनं रंगवले.

आराखडा वापस पाठवून राहिलो. पाहून नाही राहिलो. पाळणा करू नको. कठड्याच्या मागून पायऱ्या कर, बाई पायऱ्यानं चढून वर येईन. लोकांले तेबी आवडते.

नांदगाव पेठची नोकरी चांगली आहे. घे. या गोष्टीवर मले यापुढं लिहू नको.

नासिर


दर्यापूर
३ सप्टेंबर २०२४

नासिरकाका,

तुमी लिहू नको म्हणलं, तरी लिहून राहिली. हे पत्र पुरं वाचा.

पोळ्याले घरी आली. बॅगमध्ये तुमची पत्रं होती. आई बॅगेतून धुवाचे कपडे बाहेर काढून राहिली होती, तिच्या हाती ती पडली, आणि पापानं लांबूनच अक्षर ओळखलं. "हे नासिरचं आहे," म्हणे. दोनी पत्रं उभ्यानं वाचली. मी समजली, आता चित्रकलेचं उघड झालं, आता बोलणी बसतीन.

ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "पाळणा किती फुटाचा आहे?"

"आठ," मी म्हणली.

"दोर किती?"

"अजून ठरलं नाही."

ते गुडघा दाबाले लागले. मंग म्हणाले, "मी मोटारसायकलवरून पडलो नव्हतो, मंजू."

काका, तुमचा हनुमान ते होते, हे मले एकवीस वर्षं कोणी सांगितलं नाही. आईलेबी त्यानं सांगू देल्लं नाही. तिनं मले हनुमानाचं सांगितलं तवा तो कोण होता हे गाळून सांगितलं. सन नव्व्याण्णवची अष्टमी, संध्याकाळची गर्दी, तिसरी फेरी. तारेचा दोर तुटला आणि ते बारा फुटावरून ओट्यावर पडले. इथपर्यंत तुमाले माहीत आहे. यानंतरचं जे सांगितलं ते तुमाले माहीत नाही, म्हणून लिहून राहिली.

तुमी त्याले दोन दोर बांधत होते. एक तारेचा, उडाचा. दुसरा सुताचा, नुसता जीव सांभाळाले. त्या दिवशी पेपरचा फोटोवाला येणार होता. सुताचा दोर जाड आणि पांढरा होता, फोटोत दिसला असता. तुमी त्याले बांधून जनरेटर पाहाले गेले. तुमी गेल्यावर पापानं मागं हात नेऊन त्या दोराचा हुक काढून टाकला.

हुक उघडला नव्हता. त्यानं काढला होता.

मी विचारलं, "नासिरकाकाले सांगितलं का?"

पापा म्हणाले, "दवाखान्यात रोज येत होता. उशाशी बसे आणि एकच विचारे, हुक कसा उघडला, भगवंता, हुक कसा उघडला. नवरात्र मंडळवाले त्याले दारातून शिव्या देत होते. मी म्हणो, उद्या सांगू. पायाचं ऑपरेशन होऊ दे, मंग सांगू. मंग मी इकडं बदली मागून घेतली. त्याचं कार्ड येते, तवा मी ते वाचत नाही. कपाटात टाकतो."

आई म्हणाली, "पंचवीस कार्डं आहेत."

त्याच्यावर मले राग आला. तेच म्हणाले, "तू लिही त्याले. माह्यानं होत नाही." आणि मंग म्हणाले की स्टेजवर माणूस स्वतःले विसरते, टाळ्या आणि फोटो याच्यासाठी अक्कल सोडते, म्हणून तू नांदगाव पेठलेच जा. 

मंजुषा


अकोला
१४ सप्टेंबर २०२४

मंजुषा बेटा,

तुह्यं पत्र तीन डाव वाचलं. मंग हलीमाबीले वाचून दाखवलं. ती म्हणे, "बसा जरा, पाणी प्या." मी दुकानातबी नाही गेलो दोन दिवस.

तुले सांगतो मी त्या हुकाचं काय केलं. तो माह्याजवळ आहे. त्याले दोन क्विंटल लटकवून पाह्यले. झटके देल्ले. तेल लावून पाह्यलं, पाण्यात भिजवून पाह्यलं, उलटा टांगून पाह्यला. एक डावबी उघडला नाही. मंग त्या दिवशी कसा उघडला? पहिले वर्षभर रोज पाहात होतो, मंग महिन्यातून एखांद डाव. वकार लहान होता, तो म्हणे, "अब्बा, हा तुमचा खेळ आहे का?"

लोकांले वाटते मंडळानं मले काढलं. तसं नाही. दुसऱ्या साली मंडळवाले घरी आले होते. म्हणे, "नासिरभाई, झालं गेलं, या." मीच नाही गेलो. तार तुटली ते समजते, तार तुटू शकते, म्हणून तर दुसरा दोर होता. पण हुक काहून उघडला हे समजत नाही, मंग मी दुसऱ्या माणसाले त्या हुकात कसा बांधू? ज्या बिघाडाचं कारण सापडत नाही त्या कामाले हात लावता येत नाही. पुतळ्यांचंबी सोडलं. पुतळ्याच्या खाली लेकरं उभी राहतात.

पस्तीस वर्षांचा होतो मी. आता साठ झाले.

भगवंतावर राग आला. तू त्याची पोरगी आहे म्हणून लपवत नाही, लय राग आला. एक शब्द बोलाचा होता त्याले.

पण तार माहीच होती. ती काहून तुटली हेबी मले धड समजलं नाही. वकारच्या हातून पार्सल पाठवून राहिलो, त्यात तारेचा तुटलेला तुकडा आहे, जिच्यावरून ती जाये ती पुल्ली आहे, आन् हुक आहे. तुह्या कॉलेजात मशीन असतीन. मोजून पाह्य आन् माही चूक किती होती ते सांग. गोड करून सांगू नको.

नासिरकाका


राजापेठ, अमरावती
२० ऑक्टोबर २०२४

नासिरकाका, सलाम.

उशीर झाला. प्रयोगशाळेचा नंबर लागाले तीन हप्ते गेले. सर पहिले नाही म्हणत होते, "जुन्या भंगारावर काय प्रयोग करतं?" मी त्याले तुमचं पत्र वाचाले देल्लं. मंग ते स्वतः थांबले.

हुक पहिले सांगते. आमी त्याले मशीनवर ताणला. जवळपास एक टनापर्यंत गेला तवा वाकाले लागला. तरी उघडला नाही. हुक चांगला होता.

आता तार. चार मिलिमीटरची आहे. ताकद पुरेशी होती, पापासारखे दहा माणसं तिनं उचलले असते. म्हणून तुमाले ती तुटली कशी ते समजलं नाही. चूक तारेत नाही, पुल्लीत आहे. पुल्ली दोन इंचाची आहे. तारेच्या जाडीच्या बारा पट. माणूस उचलाचा असंन तर पुल्ली कमीत कमी वीस-पंचवीस पट मोठी पाह्यजे, जास्त असली तर आणखी चांगलं. लहान पुल्लीवरून तार जाते तवा दर फेरीले ती जास्त वाकते, आणि आतली एकेक बारीक तार तुटत जाते. बाहेरून दिसत नाही. भिंगाखाली पाह्यलं. आतल्या बहुतेक तारा आधीच तुटलेल्या होत्या, जंग चढला होता त्यांच्या टोकाले. अष्टमीले जे तुटलं ते उरलेलं होतं. पापाच्या जागी कोणी असता आणि कोणताबी दिवस असता, तरी त्या हप्त्यात ती तुटणारच होती.

तुमी म्हणलं गोड करून सांगू नको. तार तुटली ती तुमची चूक. पुल्ली लहान घेतली आणि तार आतून पाह्यली नाही. पापा पडले ती त्याची चूक. दुसरा दोर असता तर ते दोन हात खाली येऊन लटकले असते आणि लोक हसले असते. आणि तुमी पंचवीस वर्षं जे शोधून राहिले होते, ती चूक तुमची नव्हतीच.

हेच मी दर्यापूरले फोन करून पापाले सांगितलं. ते गणिताचे मास्तर आहेत, त्यानं आकडे पुन्हा विचारले आणि कागदावर लिहून घेतले. मंग म्हणाले, "बरोबर आहे," आणि फोन ठेवला.

मी पाळणा करणार आहे. दोन तारा, दोनी वेगवेगळ्या पुल्लीवरून, पुल्ली पाच इंची. माणसाच्या कमरेच्या पट्ट्याले तिसरा दोर वेगळा. आराखडा पुन्हा पाठवते. या डावा पाहा.

मंजुषा


अकोला
६ नोव्हेंबर २०२४

मंजुषा बेटा, दुआ.

इतक्या वर्षांत लोक मले म्हणाले, "नासिरभाई, तुमची काहीच चूक नव्हती." काही म्हणाले, "सगळी तुमचीच." कोणी मोजून नाही सांगितलं. तुह्या सरले माहा सलाम सांग.

यंदा दिवाळीचं कार्ड पाठवलं नाही. मन झालं नाही. भगवंतानं पत्र टाकलं, दोन ओळींचं. "चूक माही होती. तवाच सांगायला पाह्यजे होतं." मी जवाब नाही देल्ला. पाहू.

आराखडा पाह्यला. तीन गोष्टी. पाळण्याच्या दोनी बाजूचे रूळ तू करड्या रंगानं झाकून राहिली, ते नाही जमन, उजेड पडला की लोखंड चमकते. रुळाले विहिरीतल्या उंबराच्या मुळ्या कर, खालून वरपर्यंत, खरबरीत. लोक मुळ्या पाहतीन, रूळ नाही पाहतीन. दुसरं, मोटर बंद पडली तर पाळणा खाली येणार का जाग्यावर थांबणार? तू लिहिलं नाही. तिसरं, ब्रेक विजेच्या वायरवर ठेवू नको, माणसाच्या हाती ठेव.

पुढच्या हप्त्यात मी अमरावतीले येतो. वकारचं काम आहे तिकडं, असं हलीमाबीले सांगितलं. तिनं डबा दोघांचा भरून देल्ला, म्हणजे तिले समजलं, मी तुह्याकडंच येऊन राहिलो.

नासिरकाका


राजापेठ, अमरावती
३० जानेवारी २०२५

नासिरकाका, सलाम.

तुमी चार डाव येऊन गेले, म्हणून पत्र लिहायची सवय मोडली. आता लिहाले कारण आहे.

गॅदरिंगमध्ये पाळणा चालवला नाही. आदल्या दिवशी ऐंशी किलो रेतीची पोती ठेवून तो वर थांबवला, तर ब्रेक धरूनबी हळूहळू चार इंच खाली आला. कुलदीप नाटक बसवते, तो म्हणे, "चार इंचानं काय होते, अंधार असते तिथं." विहिरीतली बाई आकांक्षा करते, तीबी म्हणे, "मले भेव नाही लागत." मी म्हणली, नाही. मंग आकांक्षा स्टुलावर चढून वर आली. मागच्या लोकांले ती दिसलीच नाही. बक्षीस दुसऱ्याले गेलं. कुलदीप आठ दिवस माह्याशी बोलला नाही. वर्गातले म्हणत, सहा महिने एका लोखंडी डब्यात घातले आणि शेवटी स्टूल. मले रडूबी आलं, पण खोलीवर येऊन.

ब्रेकची पट्टी बदलली. आता धरते. तुमच्या तिथं एक मार्चले नाट्यस्पर्धा आहे, त्यात आमचं नाटक घेतलं. सोळा फेब्रुवारीले हॉल तालमीसाठी मिळते, तो एकच दिवस. आणि मुंबईची मुलाखत पंधरा-सोळालेच आली. तारीख बदलून देत नाही.

म्हणून सोळा तारखेले पाळणा तुमच्या हाती. पहिले शंभर किलो पोती ठेवून पन्नास वेळा वर-खाली. दर दहा फेऱ्यांनंतर तार हातानं, कापड लावून तपासायची, कुठं धागा अडकते का ते. मंग एक माणूस. मी चढणार होती, कारण ज्यानं बनवलं त्यानं पहिले चढावं असं मले वाटते. आता मी नाही. आकांक्षाले पहिले चढवू नका. कुलदीप चढतो म्हणते. नको वाटलं तर कोणालेच चढवू नका, मी आल्यावर पाहू.

नांदगाव पेठले अजून होकार कळवला नाही. पापा रोज विचारत होते, आता हप्त्यापासून विचारत नाही. काय समजावं?

मंजुषा


अकोला
१७ फेब्रुवारी २०२५

मंजुषा बेटा, दुआ.

काल काय झालं ते पुरं लिहितो, म्हणजे मुलं तुले वेगवेगळं सांगतीन त्याच्या आधी तुले खरं माहीत राहीन.

सकाळी नवाले हॉल उघडला. साडेदहापर्यंत पाळणा उभा झाला. शंभर किलो पोती ठेवली, पन्नास फेऱ्या केल्या. पाच डाव तार पुसून पाह्यली, कापड कुठंच अडकलं नाही. तीस फेऱ्यानंतर मोटर मुद्दाम बंद केली. जाग्यावर थांबला. दहा मिनिटं पेनानं खूण करून ठेवली, एक दोराभरबी खाली आला नाही.

मंग कुलदीपले पट्टा बांधून राहिलो होतो. पोरगं वरून हसून राहिलं होतं, पण हात थंड होते त्याचे. तेवढ्यात तो माह्या खांद्याच्या मागं पाहाले लागला. मी वळलो, तर भगवंता दारात उभा. दर्यापूरच्या बसनं आला होता, तारीख तूच फोनवर सांगितली म्हणे. केस सगळे पांढरे. मी त्याले पंचवीस वर्षांनी पाह्यलं.

मी कानाले मशीन लावून होतो, पण हॉलमध्ये आवाज घुमते. मी त्याचं तोंड वाचलं. तो कुलदीपले म्हणाला, "उतर बेटा. मी चढतो."

मी म्हणलो, "तुह्या पायानं?"

तो म्हणाला, "उभंच तर राहाचं आहे."

मी म्हणलो, "मी नाही बांधत तुले." खरंच म्हणलो, बेटा. पंचवीस वर्षांनी त्याच्याशी बोललो, तर हे बोललो.  त्यानं चप्पल काढली, गुडघ्यावर हात ठेवून पाळण्यावर चढला आन् माह्याकडं पाठ करून उभा राह्यला. आता त्याले तसा कितीक वेळ उभा ठेवणार? मी पट्टा बांधला. तिसरा दोर लावला, हुक अडकवला, ओढून पाह्यला. तो वळला नाही. नुसतं म्हणाला, तेवढं मले ऐकू आलं, "पुन्हा पाह्य." मी पुन्हा ओढला.

मंग मी ब्रेकवर गेलो आन् कुलदीपनं मोटर सुरू केली. तो आठ फूट गेला. मी थांबवला. त्यानं पहिले दोनी हातांनी पाळण्याचा कठडा पकडून ठेवला होता, मंग एक सोडला, मंग दुसरा. लाइटवाल्या पोरानं उजेड टाकला. तुह्या मुळ्या खऱ्या वाटतात, त्यात रूळ कुठं आहे हे मले माहीत असून दिसला नाही. मी खालून हातानं विचारलं, आणू का खाली? त्यानं हातानं सांगितलं, थांब. दोन-तीन मिनिटं तसाच होता. काय पाहून राहिला होता कोण जाणे. माहा हात ब्रेकवर होता. पाळणा जाग्यावर होता.

खाली आल्यावर तो म्हणाला, "चढताना अर्ध्यात एक हिसका बसते. पोरीले सांग, गिअर पाह्य म्हणा." मी म्हणलो, मलेबी वाटलाच. मंग आमी दोघंबी गिअरपाशी बसलो. दाताले एका जागी वेल्डिंगचा थेंब चिकटला होता. तो मी कानसनं घासून काढला. आता हिसका नाही. यानंतर कुलदीप चढला, मंग आकांक्षा. सगळं ठीक.

तू म्हणशीन, तुमी दोघं काय बोलले. विशेष काही नाही. तो म्हणाला, "मी तुह्ये दिवस खाल्ले, नासिर." मी म्हणलो, "खाल्ले." मंग मी म्हणलो, "माही पुल्ली लहान होती." तो म्हणाला, "माहीत आहे, बारा पट." तुह्यं गणित त्याले पाठ आहे. राग पुरा गेला असं मी सांगत नाही. पण संध्याकाळच्या बसनं तो जातो म्हणाला, तर मी जाऊ देल्लं नाही. हलीमाबीनं त्याले जेवू घातलं. आज सकाळी वकार त्याले स्टँडवर सोडून आला.

निघताना तुह्या नोकरीचं मीच विचारलं. तो म्हणाला, "मी आता कोणालेच काही सांगत नाही. तिनं काम थांबवून दाखवलं गॅदरिंगले. ज्याले थांबवता येते त्याले स्टेजवर पाठवाले हरकत नाही. कंपनीले काय लिहाचं ते तीच ठरवन." तुह्यासमोर तो हे बोलणार नाही, म्हणून मी लिहून राहिलो.

मुंबईच्या लोकांनी काय विचारलं आन् तू काय सांगितलं, ते लिही. नाही झालं तरी लिही.

एक मार्चले संध्याकाळी सातले पडदा आहे. भगवंता आन् मी पुढं प्रेक्षकांत बसणार आहो, मधल्या रांगेत. ब्रेकवर तू राहशीन.

तुहा नासिरकाका